अठ्ठावन्नावी फेरी

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी जो तरणतलाव आहे, तिथे पूर्वी दगडाची खाण होती. दगड काढून काढून डोंगराचं पोट पोकळ केलं, खाली पाणी लागलं, तसा ठेकेदार आपली यंत्रं उचलून निघून गेला. पाणी मागे राहिलं. त्या पाण्यात आधी म्हशी बसल्या, मग पोरं उतरली, मग एका मास्तरांनी त्या पोरांना काठावर रांगेत उभं करून पोहायला शिकवलं. पुढे भराव पडला, निळ्या फरशा बसल्या, वर काचेचं छप्पर आलं आणि पंचवीस मीटर लांबीचा देखणा तलाव झाला. खाणीची एकच खूण उरली. सुरुंग उडवण्याआधी लोकांना सावध करायला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा साखळीने टांगलेला असे. लोखंडी कांबीने तो ठणाठणा वाजवत. संस्थेने तो तुकडा रंगवून, पोहणारे जिथून उड्या मारतात त्या टोकाला शोभेसाठी लटकावून ठेवला होता. कांबही तिथेच खिळ्याला अडकवलेली. एक्केचाळीस वर्षांत तो कोणी वाजवला नव्हता.

आणि माणसांमधली एकच खूण उरली होती, ती म्हणजे गुणाजी.

गुणाजी इथला जीवरक्षक. घराणं मालवणकडचं, बाप गिरणीत होता. चोविसाव्या वर्षी तो खाणीच्या काठावर शिट्टी घेऊन बसला तो पासष्टी आली तरी बसूनच होता. नोकरी कधीच संपली होती, पण संस्था त्याला सोडत नव्हती. कारण त्याचं मोजणं. दारातून आत गेलेली डोकी आणि बाहेर आलेली डोकी जुळल्याशिवाय तो कुलूप लावत नसे. एकदा संस्थेचे अध्यक्ष न्हाणीघरात साबण शोधत राहिले, तर गुणाजीने सगळ्यांना अर्धा तास ताटकळत ठेवलं. लोक हसत. म्हणत, गुणाजीच्या तलावातून माणूस उशिरा येईल, पण यायचा राहणार नाही. गुणाजीही हसत असे. हे मोजणं कुठल्या भीतीपोटी आलं, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या डिसेंबरात या तलावावर आंतरराष्ट्रीय शॉर्ट कोर्स जलतरण स्पर्धा भरली. नऊ देशांचे पोहणारे आले. शॉर्ट कोर्स म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावातली शर्यत. तिथे दीड हजार मीटर पोहायचं तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साठ फेऱ्या होतात. साठ फेऱ्या मारणाऱ्याला स्वतःची मोजदाद राहत नाही. म्हणून पोहणाऱ्याने पोहायचं आणि काठावरच्याने मोजायचं, असा नियम. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या की काठावरचा घंटा वाजवतो. घंटा ऐकली की समजायचं, आता जाऊन आलं की सुटलो.

या दीड हजाराच्या शर्यतीत गुणाजीची नात होती. अपूर्वा, त्याच्या लेकीची लेक, अठरा वर्षांची. चौथ्या वर्षापासून गुणाजीनेच तिला पाण्यात घातलं होतं. सरावाला तो जुन्या रीतीने मोजायचा. पत्र्याचा डबा आणि तीस चिंचोके. पोर जाऊन परत आली की दोन फेऱ्या, की एक चिंचोका डब्यात. एकोणतीस पडले की अठ्ठावन्न फेऱ्या झाल्या, की घंटा. अपूर्वा म्हणायची, "आबा, माझ्या डोक्यात काही नसतं. मी तुझ्या डब्यावर पोहते."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी वेळ मोजणाऱ्या यंत्राची तपासणी होती. प्रत्येक लेनच्या टोकाला भिंतीवर एक पिवळी पाटी बसवलेली. पोहणाऱ्याचा हात किंवा पाय लागला की वेळ पडद्यावर उमटते. यंत्र सांभाळायला श्वेता नावाची मुलगी होती, अंधेरीच्या एका कंपनीतून आलेली. दुपारी तीनच्या लख्ख उजेडात ती गुणाजीला म्हणाली, "काका, पाण्यात कोणी आहे का?"

"कोणी नाय. सगळे जेवायला गेले. तेवीस आत, तेवीस बाहेर."

"मग हे बघा ना यार."

पडद्यावर आठव्या लेनपुढे आकडे होते. पाटीला काहीतरी लागत होतं. गुणाजीने पाण्याकडे पाहिलं. पाणी काचेसारखं. तळाच्या काळ्या रेघा सरळ दिसत होत्या. तेवढ्यात आठव्या लेनची दोरी डुचमळली, तिच्या रंगीत कड्या एकामागून एक हलत पलीकडच्या टोकाकडे गेल्या, जणू कोणी तिच्या कडेकडेने निघालं होतं. मग शांत. मग पुन्हा इकडे. पडद्यावर नवा आकडा.

"बरोबर चाळीस सेकंद," श्वेता म्हणाली. "दर वेळी चाळीस. वायरीत पाणी गेलं असणार. वाट लागली."

तिने पाटी बदलली. नव्या पाटीलाही चाळिसाव्या सेकंदाला कोणी तरी हात लावला. शेवटी स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं, आठवी लेन बंद ठेवायची, सात लेनमध्ये शर्यती घ्यायच्या.

चाळीस सेकंद हा आकडा गुणाजी विसरला नव्हता. तो खुर्चीत बसला आणि कुलूप लावायच्या वेळेपर्यंत उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक फेरी झाली. अपूर्वाला सातवी लेन मिळाली, बंद लेनच्या शेजारची. फेऱ्या मोजणाऱ्या अधिकाऱ्यांचा प्रमुख अंबादास, गुणाजीचा तीस वर्षांचा दोस्त. मूळचा परभणीकडचा, मानखुर्दला राहणारा, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "गुण्या, तू आज लांब बस. नात पाण्यात असली की तू काठावर म्हशीसारखा हुंदडतोस."

गुणाजी लांब बसला. पण डबा मांडीवर होता आणि चिंचोके पडत होते. अपूर्वा छान पोहत होती, पाचव्या जागेवर. एकोणतिसावा चिंचोका पडला आणि तिच्या लेनच्या पंचाने घंटा वाजवली. सगळ्या तलावाने ऐकली. तिसावा पडला. अपूर्वा भिंतीशी आली, तिची वेळ पडद्यावर लागली, सतरा मिनिटं बावीस सेकंद. अंतिम फेरीत तिची जागा पक्की झाली. वर बसलेल्या तिच्या आईने, अनुपमाने, टाळी वाजवली.

आणि अपूर्वा भिंतीला पाय मारून वळली आणि पुन्हा निघाली.

लोक हसले. असं कधी कधी होतं, पोरीचं मोजणं चुकतं. पंचाने घंटा वाजवली, शिट्टी फुंकली. ती गेली आणि आली. पुन्हा वळली. आता बाकीच्या मुली बाहेर पडून अंग पुसत होत्या. "अपूर्वा! अगं बस! झालं!" अनुपमा वरून ओरडत होती. चौसष्ट. सहासष्ट. तिचे हात जड पडायला लागले होते, तोंड पाण्याबाहेर नीट येत नव्हतं. शेजारी आठव्या लेनच्या कड्या तिच्या बरोबरीने हलत होत्या. आज तिथलं कोणी चाळीस सेकंद घेत नव्हतं, अपूर्वाच्या पावलावर पाऊल टाकून चाललं होतं.

अडुसष्टाव्या फेरीला गुणाजीने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली आणि नातीला कवेत धरलं. ती सुटायला बघत होती. बाहेर काढल्यावर तिचे ओठ निळे झाले होते आणि डोळे त्याच्यावर रोखलेले.

"थांबवलंस कशाला? घंटा कुठे वाजली?"

"वाजली गो चेडवा. दोनदा वाजली."

"नाही वाजली. आणि ती पण नाही ना थांबली."

"ती कोण?"

"बाजूची. आठमधली." अपूर्वा दात वाजवत म्हणाली. "लहान आहे, पण झकास पोहते. दर वेळी भिंतीशी आली की मान वर करून बघायची. तुझ्याकडे बघायची, आबा. आणि तू हात केलास ना, चालू दे म्हणून. म्हणून मी पण चालू ठेवलं."

गुणाजीने हात केला नव्हता. त्याचे दोन्ही हात डब्यावर होते. पण तो हात त्याच्या ओळखीचा होता.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्या खाणीत शुभा नावाची तेरा वर्षांची मुलगी पोहायची. सुंदराबाई म्हणून एक विधवा बाई होती, तिची एकुलती एक. मास्तर म्हणायचे, ही पोर पुढे जाणार. एका दुपारी शुभाची निवडीची परीक्षा होती. खाणीचा एक अरुंद फाटा होता, त्यात या काठावरून त्या काठावर साठ फेऱ्या. मास्तरांना निवडीचे कागद आणायला घाटकोपरला जावं लागलं. जाताना त्यांनी गुणाजीला बजावलं, "एक फेरी जरी कमी भरली तरी निवड बाद. नीट मोज. आणि अठ्ठावन्न झाल्या की रूळ वाजव. रूळ वाजल्याशिवाय तिने थांबायचं नाही आणि तू हलायचं नाही."

गुणाजी हलला. वरच्या वाटेने एक मुलगी डोक्यावर डबा घेऊन चालली होती, डोंगरापलीकडच्या चालू खाणीच्या राखणदाराची लेक. मीरा तिचं नाव. गुणाजी महिनाभर तिच्याशी बोलायची संधी शोधत होता. पाच मिनिटं, असं म्हणून तो वर गेला. पाच मिनिटांची किती झाली ते त्याला कळलं नाही. खाली आला तेव्हा शुभा पोहतच होती, आणि डब्यात किती चिंचोके टाकायचे राहिले, ते सांगायला कोणी नव्हतं. सात? दहा? बारा? आता अंदाजाने रूळ वाजवला आणि फेऱ्या कमी भरल्या, तर पोरीची निवड जाणार. मग गुणाजीने विचार केला, कमी पडण्यापेक्षा जास्त झालेल्या बऱ्या. दोन-चार जास्त मारल्या तर काय बिघडतं?

शुभा काठाशी आली, मान वर करून तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात केला, चालू दे. पुढच्या वेळी पुन्हा पाहिलं. पुन्हा हात केला. जाऊन यायला तिला बरोबर चाळीस सेकंद लागत. शेवटी चाळिसाचे पन्नास झाले, पन्नासाचे साठ. तो कांब घ्यायला उठला, तेव्हा ती पलीकडून निघाली होती. या काठाला ती पोहोचली नाही.

संध्याकाळी ती सापडली. मास्तर यायच्या आधी गुणाजीने डब्यात मोजून एकोणतीस चिंचोके ठेवले आणि सगळ्यांना सांगितलं, मी रूळ वाजवला होता, पण पोर जिद्दीला पेटली, थांबेचना. सगळ्यांनी ते मानलं. मेलेल्याला कोण विचारतो? पुढे वर्षाने त्याचं मीराशी लग्न झालं, अनुपमा झाली, अनुपमाची अपूर्वा झाली. त्या पाच मिनिटांतून त्याचा सगळा संसार उगवला होता. मीरा गेली, पण तिलाही त्याने हे सांगितलं नव्हतं.

"उद्या तिला उतरवू नको," घरी आल्यावर तो अनुपमाला म्हणाला.

अनुपमा पोळ्या लाटत होती. "बाबा, काहीतरीच काय? डॉक्टरांनी तपासलं. दमली होती, डोकं सुन्न झालं, बस. नऊ देशांच्या स्पर्धेत फायनलला गेलीय आणि घरात बसवू?"

"ती थांबणार नाय."

"अंबादास काका स्वतः तिच्या लेनवर उभे राहणार आहेत. कानाशी घंटा वाजवतील."

आतून अपूर्वा ओरडली, "आबा, पनवती लावू नकोस हां! मी पोहणार."

गुणाजीने बोलायला तोंड उघडलं होतं, पण एक्केचाळीस वर्षांचं कुलूप असं एका झटक्यात निघत नाही. आणि एक गोष्ट त्याला कळून चुकली होती. अपूर्वाला घरात बसवून भागणार नव्हतं. आज ना उद्या ती त्या पाण्यात उतरणार, आणि शेजारची तिला सोडणार नाही. शेजारीण काही वाईट नव्हती. तिला कोणी थांब म्हणून सांगितलंच नव्हतं.

सकाळी तो स्टेशनजवळच्या जुन्या चाळीत गेला. सुंदराबाई अजून होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, कंबरेत वाकलेली, दारात बसून लसूण सोलत होती. इतकी वर्षं सणासुदीला तो तिला साखर नि नारळ देऊन यायचा, उंबऱ्याबाहेरूनच. आज तो आत जाऊन जमिनीवर बसला.

"मावशी, मी तेव्हा रूळ वाजवला नव्हता."

म्हातारीने मान वर केली नाही. लसणाची पाकळी सोलून वाटीत टाकली.

"मी मोजायचा चुकलो. मीराशी बोलत उभा होतो. शुभा माझ्याकडे बघत होती, मीच तिला हात करत होतो. हट्टी नव्हती ती. मी खोटं बोललो."

आणखी एक पाकळी. मग म्हातारी म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? माझ्या पोटची पोर. जेवायला बस म्हटल्याशिवाय बसायची नाही, ऊठ म्हटल्याशिवाय उठायची नाही. ती कुठली हट्टी? लोक हट्टी म्हणाले, मी पण म्हणत गेले. आईने मुलीला हट्टी म्हटलं की लोक तिला बिचारी म्हणत नाहीत. माझ्या पोरीच्या नावाला ते बिचारी नको होतं." तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदू आला होता, पण नजर नेमकी लागली. "मग? अजून वाजवला नाहीस?"

गुणाजीने नकारार्थी मान हलवली.

"एवढी वर्षं पोरीला पाण्यात ठेवलंस, गुणाजी. दमली असेल रे." ती लसणाची सालं गोळा करायला लागली. "पाचाला घरी येते म्हणून सांगून गेली होती. आज दार लोटून ठेवते. जा तू."

अंतिम फेरी दुपारी चारला होती. वर काचेतून तिरकं ऊन येऊन पाण्यावर पसरलं होतं. सात मुली रांगेने आल्या. गुणाजीने सवयीने मोजल्या. सात. अपूर्वा पुन्हा सातव्या लेनवर. अंबादास हातात घंटा घेऊन तिच्या टोकाशी उभा. गुणाजी मात्र आज लांब बसला नाही. तो चिंचोक्यांचा डबा घेऊन रुळाच्या तुकड्याखाली येऊन उभा राहिला.

"गुण्या, इथे काय करतोस?"

"आठव्या लेनची मोजणी."

"आठवी रिकामी आहे रे."

"म्हणूनच. कोणीतरी मोजायला नको?"

अंबादासने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचा टोमणा गिळला. इशारा झाला, सात उड्या पडल्या. आठव्या लेनमध्ये उडी पडली नाही, पण पाणी एका जागी फाटलं आणि मिटलं. कड्या हलत पुढे निघाल्या.

गुणाजीने पहिला चिंचोका टाकला. दुसरा. तो वर बघत नव्हता, पापणी लवत नव्हता. जपानची मुलगी पुढे गेली, तिच्या मागे कझाकस्तानची. अपूर्वा पाचवी, मग चौथी. लोक ओरडत होते, पण गुणाजीला डब्याचा तेवढा आवाज येत होता, टक्, आणि थोड्या वेळाने टक्. विसाव्या चिंचोक्याला त्याच्या लक्षात आलं की भिंतीशी येताना आठव्या लेनच्या पाण्यातून काहीतरी वर येतं. चेहरा असा दिसत नव्हता. पाण्याला एक उंचवटा यायचा, क्षणभर थांबायचा आणि खाली जायचा. त्याच्याकडे वळलेला. पंचविसाव्याला त्याचा उजवा हात आपोआप वर उठू लागला, चालू दे म्हणायला. त्याने तो हात डाव्या हाताने दाबून धरला. सव्विसाव्याला तो हात असा ओढू लागला, जणू दुसऱ्या कोणाचा होता, चोविशीतल्या एका घाबरलेल्या पोराचा. गुणाजीने उजवा हात वर नेला आणि खिळ्यावरची कांब मुठीत पकडली. थंडगार लोखंड. हात मुकाट झाला.

सत्तावीस. अठ्ठावीस.

अपूर्वाचा वेग उतरत होता. तिचं डोकं आता समोर नव्हतं, आठव्या लेनकडे कललेलं. ती पोहताना तिकडेच बघत होती.

एकोणतीस. अंबादासने खाली वाकून घंटा वाजवली, जिवाच्या आकांताने वाजवली. अपूर्वाच्या अंगावर शहारासुद्धा उठला नाही. ती आणि ते शेजारचं पाणी, दोघी एकदमच भिंतीशी आल्या होत्या. पाणी वर आलं. वाट बघत थांबलं.

गुणाजीने कांब हाणली.

त्या काचेच्या छपराखाली रुळाचा आवाज असा फुटला की वरची माणसं उभी राहिली. ठण्ण! पुन्हा ठण्ण! रंगाचे पोपडे खाली पडले. गुणाजी छाती फाटेस्तोवर ओरडला, "शुभा! दोनच राहिल्या गो! माझा चुकला होता, तुझा नाय! दोन मार आणि घराक जा!"

क्षणभर काही हललं नाही. मग पाण्याचा उंचवटा खाली गेला. अपूर्वाने मान सरळ केली, भिंतीला पाय मारला आणि दोघी सुटल्या. गेल्या त्या अशा, की शेवटच्या दोन फेऱ्यांना अपूर्वाने तिसऱ्या मुलीला जवळजवळ गाठलं. पलीकडे वळल्या. आल्या. गुणाजीने तिसावा चिंचोका हातात धरून ठेवला होता. सातव्या लेनच्या पाटीला अपूर्वाचा हात लागला, आणि तिने पाटी सोडली नाही. दोन्ही हातांनी भिंत धरून ती धापा टाकत राहिली. तेव्हा त्याने चिंचोका सोडला.

"ऐकली, आबा!" ती खालून म्हणाली. "आत्ता ऐकली!"

आठव्या लेनचं पाणी सपाट झालं. कड्या थांबल्या. श्वेता यंत्रापाशी घड्याळ लावून बसली. चाळीस सेकंद गेले, ऐंशी गेले, पाच मिनिटं गेली. पडद्यावर नवा आकडा आला नाही.

एका देशाचा प्रशिक्षक तणतणत आला, हा कसला आवाज म्हणून. अंबादासने त्याला हिंदी-इंग्रजीची खिचडी करून सांगितलं की हा आमच्या तलावाचा जुना रिवाज आहे. त्याच्या देशाची मुलगी दुसरी आली होती, त्यामुळे त्याने फार ताणलं नाही.

निकालाचा कागद छापून आला. जपान पहिली. अपूर्वा चौथी, सतरा मिनिटं नऊ सेकंद. तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ, पण पदक अर्ध्या सेकंदाने हुकलं. अनुपमा आधी रडली आणि मग सगळ्यांना पेढे वाटायला लागली. कागदाच्या तळाशी आठव्या लेनपुढे नाव कोरं होतं, देश कोरा होता, पुढे वेळ होती. तीही सतरा मिनिटं नऊ सेकंद. अंबादासने खोडायला पेन काढलं. मग त्याने गुणाजीकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण परत लावलं.

"यंत्राची चूक," तो हळूच म्हणाला. "दुसरा कागद छापून घेतो. हा तू ने."

मुली बाहेर पडल्या. गुणाजी सवयीने दारात उभा राहून मोजत होता. सात आत गेल्या होत्या, सात बाहेर आल्या. मग त्याने फरशीकडे पाहिलं. पाण्यापासून दारापर्यंत ओल्या पावलांच्या आठ रांगा गेल्या होत्या. आठवी पावलं लहान होती, आणि त्यांना चप्पल नव्हती. ती कपडे बदलायच्या खोलीकडे वळली नव्हती. सरळ बाहेर, रस्त्याला लागली होती.

गुणाजीने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि रिक्षा केली. रस्ता कोरडा होता, धुळीचा. चाळीपाशी उतरला तेव्हा साडेपाच झाले होते, दिवे लागले नव्हते. जिन्याच्या पायऱ्या पुसल्यासारख्या ओल्या होत्या. पहिल्या मजल्यावर एक बाई शेजारणीवर तोंड टाकत होती, "बादली घेऊन जाता तर नीट न्या ना गं, सगळ्या गॅलरीत पाणी!"

सुंदराबाईचं दार लोटलेलं होतं. ओली पावलं उंबऱ्यापर्यंत गेली होती आणि उंबऱ्याच्या आत.

गुणाजीने दार ढकलायला हात उचलला. आतून म्हातारीचा आवाज आला, खणखणीत, चाळीस वर्षांपूर्वीचा.

"आधी केस पूस. मग जेवायला बस."

त्याने हात खाली घेतला. खिशातला कागद काढला, उंबऱ्यापाशी ठेवला, वर म्हातारीची चप्पल ठेवली, उडू नये म्हणून. मग आवाज न करता जिना उतरू लागला.